लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही: नकार नेमका कोण देतंय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. कुणी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकतं, कुणी तो मुलांच्या अभ्यासाला देतं, तर कुणी कंपन्यांनी काढून टाकलेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड स्वस्तात, रिफर्बिश्ड म्हणून घेतं. मशीन सुरू होतं, कामही बरं करतं. पण बॅटरीच्या चिन्हावर माउस नेला की ओळ दिसते, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. दुकानात नेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "बॅटरी गेली, नवीन टाका."

पुष्कळदा ते खरंही असतं. पण ॲडॉप्टरमधली केसासारखी एक वायर तुटली तरी हीच ओळ दिसते. आधीच्या मालकाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय निवडून ठेवला असेल तरीही दिसते, आणि बोर्डवरची एखादी चिप मेली तरीही तीच दिसते. तिन्ही ठिकाणी नवी बॅटरी घेऊन काहीच उपयोग नाही. म्हणून आधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

त्याआधी: बॅटरी फुगली आहे का?

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर आलंय का, क्लिक घट्ट झालंय का, तळाच्या झाकणाची फट रुंदावली आहे का, ते बघा. यातलं काहीही असेल तर खालची एकही चाचणी करायची नाही. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि बॅटरी काढून घ्या किंवा जाणकाराकडून काढवा. फुगलेला सेल दाबून बसवायचा नाही, टोचून 'हवा' काढायची नाही. आतला वायू ज्वलनशील असतो आणि टोचताना आतले थर एकमेकांना टेकले तर सेल जागीच पेटतो. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर घंटागाडीत दाबली जाऊन आग लागू शकते.

चार्जिंगला तिघांची संमती लागते

जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे एकामागोमाग जोडलेले लिथियम-आयन सेल. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट आणि रिकामा झाला की सुमारे ३ व्होल्ट दाखवतो. तीन सेलांची साखळी असेल तर लेबलवर १०.८ किंवा ११.१ व्होल्ट लिहिलेलं असतं, चारांची असेल तर १४.४ किंवा १४.८. सहा सेलांच्या पॅकमध्ये बहुधा तीन जोड्यांची साखळी असते.

ॲडॉप्टरमधून मात्र १९.५ किंवा २० व्होल्ट येतात. ते थेट बॅटरीला लावले तर सेल पेटतील. मध्ये बोर्डवर एक चार्जर चिप असते. ती व्होल्टेज उतरवते, आधी ठरावीक करंट देते आणि सेल ४.२ च्या जवळ आले की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करत नेते. शेवटचे वीस टक्के भरायला इतका वेळ का लागतो, त्याचं कारण हेच.

ही चिप स्वतःच्या मनाने काही करत नाही. बोर्डवरचा एक छोटा नियंत्रक, ज्याला कारागीर 'ईसी' म्हणतात, तो दोन बारीक वायरींवरून बॅटरीला विचारतो की किती व्होल्ट हवेत, किती करंट हवा, तापमान किती आहे. बॅटरीच्या आतही एक सर्किट असतं, तेच ही उत्तरं देतं. शिवाय ईसीला ॲडॉप्टर किती वॉटचा आहे हे कळावं लागतं. बँकेचा लॉकर जसा एका किल्लीने उघडत नाही, तसंच इथे. फक्त किल्ल्या तीन आहेत: बॅटरीची, ईसीची आणि ॲडॉप्टरची. एक जरी मिळाली नाही तरी चार्जिंग सुरू होत नाही, आणि पडद्यावर ओळ तीच, 'नॉट चार्जिंग'.

मुद्दाम थांबवलंय का?

इथे एक रुपयाही खर्च होत नाही, म्हणून सुरुवात इथून. चार्ज ५०, ६० किंवा ८० टक्क्यांवर अडकत असेल तर बहुतेक वेळा ती मर्यादा कुणीतरी घातलेली असते. कायम पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून कंपन्यांनी ही सोय दिली. लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये तिला 'कन्झर्वेशन मोड' म्हणतात, असुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', सोनी वायोमध्ये 'बॅटरी केअर'. थिंकपॅडमध्ये कुठून चार्ज सुरू व्हावा आणि कुठे थांबावा, असे दोन आकडे ठरवता येतात. डेल लॅटिट्यूडमध्ये हा पर्याय बायोसमध्येच आहे.

गोम अशी की ही मर्यादा विंडोजमध्ये नव्हे, हार्डवेअरच्या पातळीवर साठवलेली असते. विंडोज पुसून लिनक्स टाकलं तरी ती राहू शकते. ऑफिसातून निघालेल्या डेलमध्ये तर बायोसला कंपनीचा पासवर्डही असतो, मग पर्याय दिसतो पण बदलता येत नाही. रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना बायोस उघडून दाखवायला सांगा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२ आणि एचपीला एफ१० दाबून आत जाता येतं.

९५-९६ टक्क्यांवर 'नॉट चार्जिंग' दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. किंचित उतरलेली बॅटरी परत परत भरू नये म्हणून मशीन मुद्दाम थांबतं.

उष्णतेचंही असंच. सेल साधारण ४५ अंशांच्या वर गेले किंवा शून्याखाली आले की पॅक चार्ज घ्यायला नकार देतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात खोलीतच चाळीसच्या वर तापमान, लॅपटॉप गादीवर आणि पंख्याची जाळी धुळीने बंद, अशा वेळी आतल्या पॅकला ४५ गाठायला वेळ लागत नाही. पहाटे, टेबलावर, मशीन बंद ठेवून चार्ज होते का बघा. होत असेल तर बॅटरी बदलण्याआधी पंखा साफ करा.

बॅटरीची साक्ष काढा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी लहान लिपीत 'पॉवर' हा शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा. मग एक जागा सोडून तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं सलग लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि तिचा पत्ता तिथेच दिसतो. ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती मावत होतं, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज किती मावतं.

समजा पहिला आकडा ४७,५२० मिलिवॉट-तास आहे आणि दुसरा १९,००० च्या आसपास. म्हणजे चाळीस टक्के क्षमता उरली. अशी बॅटरी चार्ज होते, पण टिकत नाही. तिला बदलणं हाच उपाय. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-उतरून झाली की चांगल्या पॅकचीही क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. 'सायकल काउंट'च्या रकान्यात शून्य किंवा नुसती रेघ दिसली तर हुरळून जाऊ नका, पुष्कळ मशीन हा आकडा कळवतच नाहीत.

अहवालात दोन्ही आकडे ठीक दिसत असतील आणि तरी चार्ज होत नसेल, तर संशय ॲडॉप्टरकडे वळवा. बॅटरीची नोंदच नसेल, तर एक तर पॅक मेलाय किंवा त्याचा कनेक्टर नीट बसलेला नाही.

ड्रायव्हरचं काय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज'खाली 'एसीपीआय' नावाची नोंद असते. ती अनइन्स्टॉल करून मशीन परत सुरू केलं की विंडोज ती पुन्हा बसवतं. या उपायाचा गाजावाजा फार आहे, उपयोग क्वचित होतो. दोन मिनिटांचं काम आहे, करून मोकळे व्हा. एक जास्त उपयोगी चाचणी आहे: लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर लावा. बंद असतानाही चार्जिंगचा दिवा लागत नसेल तर दोष विंडोजचा नाही. चार्जिंग ईसी सांभाळतो, त्याला विंडोज लागत नाही.

ॲडॉप्टर: फक्त व्होल्ट मोजून भागत नाही

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २०० च्या रेंजवर ठेवा. २० च्या रेंजवर स्वस्त मीटर १९.९९ पर्यंतच वाचतो, आणि थिंकपॅडचा धडधाकट ॲडॉप्टर २०.२ देत असला की पडद्यावर नुसता '१' येतो. लोक त्याला खराब समजून टाकून देतात.

डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये बाहेरचा धातू ऋण, आतली भिंत धन आणि मधोमध एक बारीक काडी असते. लाल टोक आतल्या भिंतीला, काळं बाहेर. पण जपून: लाल टोक भिंतीला आणि मधल्या काडीला एकाच वेळी टेकलं तर १९.५ व्होल्ट थेट ओळख देणाऱ्या चिपमध्ये जातात आणि चांगला ॲडॉप्टर कायमचा 'अनोळखी' होऊन बसतो. हात थरथरत असेल तर हे मोजमाप दुसऱ्याला करू द्या.

लेबलवरच्या आकड्याच्या पाच टक्क्यांत व्होल्टेज आलं तर ठीक. मग मोजता मोजता वायर दोन ठिकाणी हलवून बघा, पिनच्या मानेजवळ आणि ॲडॉप्टरच्या डबीतून निघते तिथे. आकडा उड्या मारू लागला तर वायर आतून तुटत आली आहे. मीटरने २० व्होल्ट दाखवले तरी ॲडॉप्टर निर्दोष ठरत नाही, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, थकलेले असले तर लॅपटॉप लावल्याबरोबर व्होल्टेज कोसळतं. ॲडॉप्टरचा दिवा नुसता लागतो पण लॅपटॉपला जोडला की विझतो किंवा लुकलुकतो, असं होत असेल तर एक तर ॲडॉप्टर भार झेलत नाही किंवा लॅपटॉपमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. दुसरा ॲडॉप्टरही तसाच विझला तर शॉर्ट नक्की समजा आणि तो परत परत लावू नका.

टाइप-सी चार्जरला ही चाचणी लागू नाही. किती व्होल्ट द्यायचे याची लॅपटॉपशी वाटाघाट होईपर्यंत तो फक्त ५ व्होल्ट किंवा काहीच देत नाही. त्याचा वेगळा टेस्टर येतो. इथे घोळ बहुधा फोनच्या चार्जरमुळे होतो. डबीवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण काही फोन कंपन्यांचे चार्जर ते ६५ वॉट त्यांच्याच फोनला, १० व्होल्टवर देतात. लॅपटॉपला हवेत २० व्होल्ट. म्हणून चार्जर निवडताना वॉटच्या आकड्याबरोबर लेबलवरची '२० व्होल्ट'ची ओळ शोधा.

मधली पिन

जुन्या लॅपटॉपच्या चार्जिंगच्या तक्रारींत सगळ्यात जास्त दिशाभूल होते ती इथे, म्हणून जरा थांबून बघू.

डेलच्या ॲडॉप्टरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. तिच्यात ॲडॉप्टर किती वॉटचा आहे ते लिहिलेलं असतं, आणि लॅपटॉप ते मधल्या काडीतून वाचतो. लेनोवोच्या २०१३ नंतरच्या चपट्या, पिवळ्या, आयताकृती पिनमध्ये चिपऐवजी एक रेझिस्टर असतो. त्याच्या किमतीवरून मशीन ४५, ६५ की ९० वॉट ते ओळखतं. एचपीमध्येही मधली पिन ओळखीसाठीच आहे.

ही ओळख पटली नाही तर डेल काय करतो? ॲडॉप्टर किती झेपेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सावध भूमिका घेतो. लॅपटॉप चालू ठेवतो, बॅटरीचं चार्जिंग थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही पाडतो. म्हणून 'बॅटरी चार्ज होत नाही' याच्या जोडीला 'चार्जर लावला की लॅपटॉप फार हळू चालतो' अशी तक्रार असेल तर बॅटरीकडे बघूच नका. सुरू होताना ॲडॉप्टरची क्षमता ओळखता येत नसल्याचा इंग्रजी संदेशही येतो, पण घाईत आपण एंटर दाबून पुढे जातो. खात्री करायची तर एफ२ दाबून बायोसमध्ये बॅटरीच्या माहितीचं पान उघडा. तिथे ॲडॉप्टरपुढे '६५ वॉट' असं काही दिसायला हवं. 'अननोन' किंवा 'नन' दिसलं तर दुखणं सापडलं.

कारणं तीन, याच क्रमाने तपासायची. पहिलं, ओळखीची वायर. ती वीज वाहणाऱ्या वायरींपेक्षा कितीतरी बारीक असते आणि पिनच्या मानेजवळ सगळ्यात आधी तुटते. जाड वायरी शाबूत असतात, त्यामुळे व्होल्ट बरोबर येतात. दुसरं, लॅपटॉपच्या जॅकमधला मधला काटा वाकलेला किंवा आत बसलेला असतो. तिसरं, बोर्डवर त्या ओळीचं संरक्षण करणारा बारीक भाग मेलेला असतो. पहिल्या कारणाची चाचणी सोपी आहे. त्याच कंपनीचा, त्याच पिनचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा चांगला ॲडॉप्टर दहा मिनिटं उसना आणून लावा.

'पिन बसते ना, मग कुठलाही का चालू नये?' असं विचारलं जातं. डेल आणि एचपीची जुनी ७.४ मिलिमीटरची जाड पिन बाहेरून सारखीच आहे. एचपीचा ॲडॉप्टर डेलमध्ये अगदी चपखल बसतो, लॅपटॉप चालतोही. पण ओळखीची भाषा वेगळी, म्हणून चार्ज होत नाही. उसना ॲडॉप्टर घरी राहिला आणि चार्जिंग बंद पडलं, तर आधी डबीवरचं नाव वाचा.

जॅक, कनेक्टर आणि एक रिसेट

पिन खोचून हळूच वर-खाली हलवा. दिवा लुकलुकला तर जॅक सैल आहे. काही मॉडेलांत जॅकला स्वतःची वायर असते आणि ती बोर्डवर नुसती खोचलेली असते. असा जॅक स्क्रूड्रायव्हर हातात असणारा कुणीही बदलू शकतो. काहींत तो बोर्डवरच सोल्डर केलेला असतो, तिथे कारागीर हवा. आपल्या मॉडेलचा कुठला, ते दुकानात जाण्याआधी माहीत करून घ्या, मजुरीत मोठा फरक पडतो.

कोकणात, गोव्यात, मुंबईतही पावसाळ्यानंतर बॅटरीच्या जोडणीच्या धातूच्या पात्यांवर हिरवट-पांढरा थर सापडतो. वीज नेणारी जाड पाती तरीही चालून जातात, बारीक संवादाच्या पात्यांवर मात्र त्याने संपर्क तुटतो. नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने साफ करा, वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लास्टिक विरघळतं.

बॅटरी बाहेर असतानाच रिसेट करून घ्या. चार्जर काढलेला, बॅटरी काढलेली, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. बोर्डवर उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला ईसी नव्याने सुरू होतो. बॅटरी आत बंद असेल तर बऱ्याच थिंकपॅडच्या तळाला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, त्यातलं बटण दाबायचं. शिवाय थिंकपॅडच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती तोडायचा पर्याय आहे. चार्जर लावला की ती परत जोडली जाते. मशीन उघडायचं असेल तर आधी हे करावंच, म्हणजे स्क्रूड्रायव्हर निसटला तरी बोर्ड वाचतो.

दोन बॅटऱ्या असतील तर

टी४४० पासून टी४८० पर्यंतच्या आणि एक्स२४० पासून एक्स२७० पर्यंतच्या बऱ्याच थिंकपॅडना दोन बॅटऱ्या असतात. एक आत, सुमारे २३-२४ वॉट-तासांची. दुसरी बाहेरून काढता येणारी. वापरताना आधी बाहेरची उतरते. भरताना एका वेळी एकच भरते, आणि तोवर दुसरीपुढे 'नॉट चार्जिंग' दिसतं. तो बिघाड नव्हे, तिचा नंबर यायचाय.

तपासणीसाठी ही रचना मोठी सोयीची आहे. बाहेरची काढा आणि आतली एकटी चार्ज होते का बघा. होत असेल तर ॲडॉप्टर, जॅक, ईसी आणि चार्जर चिप यांना बहुतांशी क्लीन चिट मिळाली. दोष बाहेरच्या पॅकचा किंवा तिच्या पात्यांचा. दोन्ही एकदम बंद पडल्या असतील तर उलट. दोन पॅक एकाच दिवशी मरत नाहीत, तेव्हा ॲडॉप्टर आणि बोर्ड बघा.

टी४८० आणि त्याच सुमाराच्या थिंकपॅडांची एक वेगळी भानगड आहे. २०१७ ते २०१९ मधल्या बऱ्याच मॉडेलांत थंडरबोल्टच्या, म्हणजे टाइप-सीच्याच आकाराच्या वेगवान पोर्टच्या, फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता. त्यामुळे त्याची छोटी मेमरी चिप हळूहळू भरत जाते आणि एक दिवस टाइप-सी पोर्ट चार्ज घेणंच थांबवतो. लेनोवोने दुरुस्तीचं फर्मवेअर दिलंय. असं मशीन घेतलंत तर चार्ज होत असतानाच ते बसवून टाका. एकदा पोर्ट बसला की ती चिप काढून नव्याने लिहावी लागते किंवा बोर्डच बदलावा लागतो.

'मीटरवर शून्य व्होल्ट येतात, म्हणजे मेलीच ना?'

नाही. लॅपटॉपमधून काढलेल्या पॅकच्या टोकांवर शून्य येणं पुष्कळदा अगदी योग्य असतं. आपण खरंच लॅपटॉपमध्ये बसलोय ही खूण एका पिनवर मिळाल्याशिवाय आतलं सर्किट वीज बाहेर सोडत नाही. म्हणून बाहेरून मोजून निकाल देऊ नका.

वर्षभर कपाटात पडलेली बॅटरी खरोखरच खोल उतरलेली असू शकते. सेल आपोआप थोडे उतरतात आणि आतलं सर्किटही थोडी वीज पीत राहतं. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला असेल तर चार्जर चिप पूर्ण करंट देत नाही, साधारण दहाव्या हिश्श्याने सुरुवात करते. तासभर पडद्यावर ० टक्केच दिसतं. असा पॅक एक-दोन तास लावून ठेवा, पण लक्ष ठेवून, रात्री झोपताना नाही.

'बाहेरून थेट वीज देऊन उठवली तर?'

असे व्हिडिओ भरपूर आहेत. सेल फार खोल उतरलेल्या अवस्थेत बराच काळ राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं द्रवात विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी साचतं आणि सेलच्या आतच शॉर्ट होण्याची सोय होते. अशी बॅटरी त्या दिवशी चालते आणि महिन्याभराने चार्जिंगला असताना पेटू शकते. पॅकचं सर्किट नकार देतं ते याच भीतीने. त्याला बाजूला सारून वीज कोंबू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगाही सोडा. त्याने सेल सुधारत नाहीत, बाहेर काढल्यावर पात्यांवर दव मात्र जमतं.

'सेल बदलून घेतले तर स्वस्त पडेल की!'

कागदावर पडतं. अडचण आतल्या सर्किटची. साखळीतला एक सेल कमजोर पडून फरक फार वाढला किंवा सेल अति तापले, तर हे सर्किट स्वतःला 'कायम निकामी' म्हणून नोंदवतं. बऱ्याच पॅकमध्ये एक खास फ्यूजही असतो, तो सर्किट स्वतःच वितळवतं. त्यानंतर नवे सेल घातले तरी पॅक उठत नाही. ती नोंद पुसायला वेगळं यंत्र आणि त्या चिपचा पासवर्ड लागतो. जुने सेल सोडवताना मध्येच पुरवठा तुटला तरी काही सर्किट स्वतःला कुलूप लावून घेतात. भर म्हणजे सेलना साधं सोल्डर लावलं की उष्णतेने ते आतून बिघडतात, स्पॉट वेल्डिंगच हवं. बाजारात दुसरा पॅक मिळतच नाही अशा दुर्मीळ मॉडेलखेरीज या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी बॅटरी घेताना

लॅपटॉपच्या नावावरून मागू नका, जुन्या पॅकवरचा पार्ट नंबर दाखवा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट ही एकाच तीन सेलांच्या पॅकची दोन लेबलं आहेत, चालतं. ११.१ च्या जागी ११.४ मात्र चालेल असं धरू नका, त्यातले सेल जास्त व्होल्टेजवर भरणारे असतात. २०१२ च्या टी४३०, एक्स२३० या पिढीपासून थिंकपॅड बॅटरीची ओळखही तपासतो. पसंत पडली नाही तर ती चार्ज होणार नाही असा संदेश सुरू होतानाच येतो.

लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. मग एक साधी परीक्षा: स्वयंपाकघरातला वजनकाटा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा एक गोल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे सहा सेलांचं नुसतं वजनच २७० ग्रॅम. तुमचा 'सहा सेलांचा' पॅक २०० ग्रॅमच भरला तर आत काय आहे याचा विचार करा. बसवल्यावर पुन्हा बॅटरी रिपोर्ट काढा आणि दुकानातून निघण्याआधी 'डिझाइन कपॅसिटी' लेबलशी ताडून पाहा. 'ओरिजिनल' म्हणून विकलेला पॅक पाच-सहा वर्षं गोदामात पडलेला असेल तर तो तेवढाच म्हातारा आहे. उत्पादनाची तारीख विचाराच.

नव्या बॅटरीनेही फरक पडला नाही तर

आता उरला बोर्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला न्या किंवा गावातल्या चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्या, कारागिराकडे, पण काय विचारायचं ते माहीत असू द्या. ॲडॉप्टरची वीज आत येताना दोन मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) आणि एका अगदी लहान, साधारण १० मिलिओहमच्या रेझिस्टरमधून जाते. चार्जर चिप त्या रेझिस्टरवरून करंट मोजते. त्याला तडा गेला तर चिपला चुकीचा करंट दिसतो आणि ती चार्जिंग सुरूच करत नाही. बॅटरीशी बोलणाऱ्या दोन ओळींवर सुमारे ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. चहा सांडलेल्या मशीनमध्ये हीच जागा आधी गंजते. शेवटी चार्जर चिप. ती स्वस्त असते, पैसे लागतात ते हॉट एअरने ती नीट काढून बसवण्याच्या कौशल्याचे. 'बोर्ड बदलावा लागेल' हे उत्तर आलं तर या तीन जागा मोजल्या का, एवढं विचारा. मोजल्या असतील तर आकडे सांगता येतील.

'राहू दे चार्जिंग, नुसत्या ॲडॉप्टरवर वापरला तर?'

वापरता येतो. मेलेला पॅक मात्र आत ठेवू नका, काढूनच टाका. त्यासाठी ॲडॉप्टर पूर्ण वॉटचा हवा, कारण अचानक जास्त वीज लागली तर भर घालायला बॅटरी नाही. वीज गेली की काम जागच्या जागी जाईल, तेव्हा घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा. बायोस किंवा फर्मवेअर अपडेट या स्थितीत करू नका. बरीच मशीन बॅटरीत थोडा चार्ज असल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत, आणि जी करतात ती मध्येच वीज गेली तर पुन्हा उठत नाहीत.